एका वर्षासाठी गेलेला सोलापूरचा डॉक्टर

१३ डिसेंबर १९४२. कोल्हापूर संस्थानातील भुदरगड पेट्याचे मुख्य ठिकाण असलेल्या गारगोटीच्या कचेरीवर भूमिगत क्रांतिकारकांनी हल्ला केला. खजिना हस्तगत करणे आणि तुरुंगातील कैद्यांना मुक्त करणे हा त्यांचा हेतू होता. या लढ्यात सात जणांना वीरमरण आले. वेदगंगेच्या खोऱ्यात वाढलेल्या कोणत्याही मुलाला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. दरवर्षी डिसेंबरात गारगोटीत तिची आठवण जागवली जाते.

त्याच्या चारच दिवस आधी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, गारगोटीपासून हजारो किलोमीटरवर, उत्तर चीनच्या हपै प्रांतातील गगोंग नावाच्या डोंगराळ खेड्यात एक मराठी तरुण पहाटेच्या सुमारास मरण पावला. त्याचे वय ३२ होते. महाविद्यालय सोडल्यावर तो पहिल्या मोठ्या कामगिरीवर परदेशी गेला होता, आणि करार होता अवघ्या एका वर्षाचा. त्याचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस. #धागा

कोटणीसांचे नाव बहुतेकांना एका चित्रपटामुळे ठाऊक असते, आणि चित्रपटामुळे ठाऊक असलेल्या माणसांचे जे होते तेच त्यांचे झाले आहे. पुतळा लक्षात राहिला, माणूस राहिला नाही. शिक्षण संपवून नुकताच बाहेर पडलेला, पुढील परीक्षांची तयारी करणारा एक डॉक्टर एका वर्षासाठी जातो आणि मग परत का येत नाही, हा प्रश्न ‘अमर’ या विशेषणाखाली दडून गेला. उत्तर एका प्रसंगात सापडत नाही. ते चार वर्षांत, तीन-चार वेळा, थोडेथोडे दिले गेले.

आधी पार्श्वभूमी. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. डिसेंबरात राजधानी नानकिंग पडली. चिनी सैन्याकडे माणसे होती, डॉक्टर नव्हते. नोव्हेंबर १९३७ मध्ये आठव्या मार्गसेनेचे सेनापती जू द यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते. चीनसाठी ‘चीन दिन’ पाळण्याचे, निधी गोळा करण्याचे आणि डॉक्टरांचे पथक धाडण्याचे आवाहन त्यांनी केले. सुमारे २२,००० रुपये जमले.

या आवाहनामागे केवळ दया नव्हती, हे तरुण वाचकांनी ध्यानात घ्यावे. स्वतःच परतंत्र असलेल्या देशाची एक संघटना, सरकारला वगळून, दुसऱ्या देशाशी थेट नाते जोडत होती. पथकातील डॉक्टर ब्रिटिश हिंदुस्थानचे पारपत्र घेऊन जाणार होते, पण प्रतिनिधी असणार होते काँग्रेसचे. सरकारलाही हे कळत होते. आरंभी निवडलेल्या एका बंगाली डॉक्टरास त्याच्या डाव्या संबंधांमुळे पारपत्र नाकारण्यात आले आणि ती जागा कलकत्त्याच्या बिजय कुमार बसूंकडे गेली.

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. दोन भाऊ, पाच बहिणी असे मोठे मध्यमवर्गीय घर. त्यांच्या तारुण्यातले सोलापूर म्हणजे गिरण्यांचे भोंगे आणि राजकीय धग. मे १९३० मध्ये या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला; १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. द्वारकानाथ तेव्हा विशीत होते. पुढे मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. के.ई.एम. रुग्णालयाला जोडलेले हे महाविद्यालय राष्ट्रीय वृत्तीसाठी प्रसिद्ध होते. शल्यचिकित्सेतील पुढील शिक्षण घ्यावे, ते विलायतेत घ्यावे, ही त्या काळच्या हुशार वैद्यकीय विद्यार्थ्याची सरळ वाट होती. कोटणीसांसमोरही तीच होती.

आणि मग चीनचे आवाहन आले. घरच्यांना चीन माहीत होता तो दारोदार रेशीम विकायला येणाऱ्या चिनी फेरीवाल्यांपुरता. परदेशी जाणे म्हणजे विलायत, फार तर अमेरिका. युद्ध चालू असलेल्या देशात, पदवी हाती आल्याबरोबर, स्वयंसेवक म्हणून जाणे हे कोणत्याही हिशेबात बसणारे नव्हते. तरीही वडिलांनी संमती दिली. एक वर्षाचीच तर गोष्ट होती.

पथकात पाच जण होते. प्रमुख अलाहाबादचे मदन अटल, जे नुकतेच स्पेनच्या यादवी युद्धातील वैद्यकीय कामाचा अनुभव घेऊन आले होते. नागपूरचे मोरेश्वर चोळकर, पन्नाशी ओलांडलेले. कलकत्त्याचे बसू आणि देबेश मुखर्जी. आणि सोलापूरचे कोटणीस. म्हणजे पाचांतले दोघे मराठी बोलणारे होते, ही गोष्ट फारशी कोणी नोंदवत नाही. चोळकर आणि कोटणीस एकमेकांशी मराठीत बोलत असतील, असे मानायला हरकत नाही. त्या लांबच्या प्रवासात त्याचा आधार कोटणीसांना किती वाटला असेल, याची कल्पनाच करावी लागते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ या बोटीने पथक मुंबईहून निघाले आणि १७ सप्टेंबरला कॅंटनला पोहोचले. स्वागताला सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग होत्या. पण स्वागत-समारंभांना वेळ फार नव्हता. ऑक्टोबर संपण्याच्या आत कॅंटन पडले, हांकौही पडले. पथक पुढे आणि आघाडी त्याच्या मागे, असा तो प्रवास होता. हांकौ, यिचांग आणि तिथून यांगत्सेच्या काठाने युद्धकालीन राजधानी चुंगकिंग.

चुंगकिंगला दोन गोष्टी घडल्या, आणि दोन्ही कोटणीसांच्या आयुष्यात खोल रुतल्या.

पहिली नावाची. शांतिनिकेतनातील चीनभवनाचे प्रमुख तान युन-शान तेव्हा तिथे होते. त्यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. येथे थोडे विषयांतर. ‘फडणीस’, ‘चिटणीस’, ‘कोटणीस’ या आडनावांतले ‘नीस’ फारसीतल्या ‘नवीस’वरून आले, त्याचा अर्थ लिहिणारा. चिनी नावात हा लिहिणारा गळाला. माणसाच्या हातून मात्र तो गळाला नाही. ते पुढे येईलच.

दुसरी गोष्ट पत्राची. पथक येनानकडे निघण्याच्या बेतात असताना, जानेवारी १९३९ मध्ये, सोलापूरहून वडिलांच्या निधनाची वार्ता आली. सहकाऱ्यांनी परत जाण्याचा सल्ला दिला. कोणीही दोष दिला नसता. घरात आई, लहान भावंडे. मिळवता होऊ शकणारा मुलगा परमुलखात. कोटणीस परतले नाहीत. एक वर्षाचे वचन दिले आहे, ते पुरे करून जाईन, अशी त्यांची भूमिका होती.

या निर्णयाकडे आज पाहताना ‘त्याग’ हा शब्द चटकन ओठांवर येतो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्या घरातील माणसांनीही काही दिले, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. परदेशी पहिल्या कामावर गेलेल्या मुलाच्या मागे घरी काय घडते, हा इतिहास फार कमी लिहिला जातो. कारण तो लिहिणारी माणसे घरीच असतात आणि दप्तरे युद्धाची ठेवली जातात.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. पिवळसर मातीच्या डोंगरात खोदलेल्या गुहा हेच तिथले घर, शाळा आणि इस्पितळ. पथकाने आठव्या मार्गसेनेच्या रुग्णालयात काम सुरू केले. आणि इथून पथक हळूहळू विरळ होऊ लागले. मुखर्जी आजारपणामुळे परतले. चोळकर परतले. अटल यांची प्रकृतीही साथ देईना. १९४० च्या आरंभी तेही निघाले. यांपैकी कोणालाही कमी लेखण्याचे कारण नाही. सर्वांनी कबूल केलेले काम केले होते. कोटणीसांचे वर्षही १९३९ च्या सप्टेंबरात संपले होते. वचन पुरे झाले होते. बोट पकडण्यात काहीच गैर नव्हते.

पण नोव्हेंबर १९३९ मध्ये अटल, बसू आणि कोटणीस येनानहून विरुद्ध दिशेला, पूर्वेकडच्या आघाडीकडे निघाले. त्याच महिन्यात, १२ नोव्हेंबरला, त्या आघाडीवर काम करणारे कॅनडाचे प्रख्यात शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून रक्तदोषाने मरण पावले. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम त्यांना भोवली. ज्यांच्या हाताखाली शिकण्याची संधी मिळाली असती, त्यांच्या समाधीचेच दर्शन कोटणीसांना जून १९४० मध्ये घडले. बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या वैद्यकीय शाळेत आणि रुग्णालयात ते रुजू झाले. १९४० च्या उत्तरार्धात बसू येनानला परतले. पाचांच्या पथकातील एकटे कोटणीस त्या डोंगरांत उरले.

शानसी, चाहार आणि हपै या तीन प्रांतांच्या सीमेवरचा हा मुलूख जपानी फौजांच्या पिछाडीला होता. रुग्णालय म्हणजे इमारत नव्हे. शत्रूची मोहीम सुरू झाली की रुग्णालय खेड्याखेड्यांत विखुरायचे. जखमी शेतकऱ्यांच्या घरी, उपकरणे खेचरांवर. बेथ्यून यांनी खेचराच्या पाठीवर लादता येईल अशी शस्त्रक्रियेच्या साहित्याची खोगीरवजा पेटी बनवली होती. सह्याद्रीतल्या गनिमी काव्याच्या कथा ऐकत वाढलेल्या महाराष्ट्रीयास हे दृश्य अगदीच अनोळखी वाटले नसेल.

१९४० च्या ऑगस्टमध्ये आठव्या मार्गसेनेने ‘शंभर पलटणींची मोहीम’ या नावाने ओळखला जाणारा मोठा प्रतिहल्ला सुरू केला. कोटणीस आघाडीवरच्या शस्त्रक्रिया-पथकाचे प्रमुख होते. तेरा दिवसांत त्यांच्या पथकाकडे आठशेहून अधिक जखमी आले आणि त्यांपैकी अनेकांवर शस्त्रक्रिया झाल्या, असे चिनी नोंदी सांगतात. सलग ७२ तास न झोपता काम केल्याचा प्रसंगही याच काळातला.

हे आकडे थरारक आहेत आणि बहुतेक लेख इथेच थांबतात. खरे आश्चर्य मात्र वेगळे आहे. कोटणीस चिनी भाषा शिकले. दुभाष्याच्या आधाराने वेळ मारून नेण्यापुरती नव्हे, तर त्या भाषेत शल्यचिकित्सा शिकवता येईल इतकी. चिनी लिपीत वर्णमाला नसते, प्रत्येक चिन्ह स्वतंत्र पाठ करावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर, बॉम्बहल्ल्यांच्या मधल्या सुट्टीत हे शिकण्याचा अर्थ कळतो. जानेवारी १९४१ मध्ये त्यांची बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाच्या पहिल्या संचालकपदी नेमणूक झाली. रुग्णांचे संचालन, विद्यार्थ्यांना व्याख्याने आणि रात्री लेखन. त्या विद्यार्थ्यांकडे पाठ्यपुस्तके नव्हती, म्हणून कोटणीसांनी शल्यचिकित्सेच्या सामान्य तत्त्वांवरचे पाठ्यपुस्तक लिहून पूर्ण केले आणि पुढचा, विशेष शल्यचिकित्सेचा ग्रंथ हाती घेतला. गळालेला ‘नीस’ असा परत आला.

एक शल्यचिकित्सक किती जखमींना वाचवील याला मर्यादा असते. त्याने शिकवलेले शंभर विद्यार्थी किती जणांना वाचवतील, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. कोटणीस परत का आले नाहीत, या प्रश्नाचे सर्वांत विश्वासार्ह उत्तर बहुधा इथे आहे. पहिल्या वर्षी ते पाहुणे डॉक्टर होते. तिसऱ्या वर्षी ते शिक्षक होते. अभ्यासक्रम अर्धा सोडून शिक्षक जात नाही.

त्याच शाळेत कुओ चिंग-लान या परिचर्या शिकवत. शानसी प्रांतातल्या, परिचर्येचे रीतसर शिक्षण घेतलेल्या. नोव्हेंबर १९४१ मध्ये दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनापती न्ये रुंग-चन यांनी त्याचे नाव ठेवले ‘यिनहुआ’. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. दोन अक्षरांचे नाव आणि त्यात दोन देश.

तोवर कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारांसाठी आघाडी सोडून जावे, असा आग्रह न्ये यांच्यासह अनेकांनी केला. त्यांनी तो मानला नाही. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री ते पुस्तकाचे लेखन करीत असता झटका आला. मग एकामागून एक येतच राहिले. पहाटे सारे संपले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. दुसरा ग्रंथ अपुरा राहिला.

आता पुन्हा भारतात, त्याच डिसेंबरात. ज्यांनी त्यांना पाठवले ते कुठे होते? नेहरू ऑगस्टपासून अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. काँग्रेस बेकायदा ठरली होती. सुभाषबाबू जानेवारी १९४१ मध्ये नजरकैदेतून निसटून जर्मनीत पोहोचले होते. आणि इथे इतिहासातला एक कठीण पेच आहे. १९३७ मध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’त जपानच्या आक्रमणावर टीका करणारे, १९३८ मध्ये चीनसाठी डॉक्टर पाठवणारे सुभाषबाबू १९४३ मध्ये जपानच्या साह्याने आझाद हिंद सेनेची धुरा घेणार होते. ज्या सैन्याच्या गोळ्या कोटणीस चिनी शेतकऱ्यांच्या देहांतून काढत होते, त्याच सैन्याशी हा सहकार होता. यात एकाला खोटे आणि दुसऱ्याला खरे ठरवण्याची घाई अनेकांना होते. ब्रिटिश साम्राज्य हा मुख्य शत्रू की फॅसिस्ट आक्रमण, हा प्रश्न त्या पिढीने पुस्तकातून सोडवला नाही. जो जिथे उभा होता, तिथून सोडवला.

गारगोटीचे तरुण कचेरीसमोर उभे होते. रत्नाप्पा कुंभारांच्या नेतृत्वाखाली संस्थानात उभ्या राहिलेल्या भूमिगत लढ्यातले हे लोक होते. करवीरय्या स्वामी, नारायण वारके, तुकाराम भारमल आणि त्यांचे साथी मुरगूड, कापशी, कलनाकवाडी अशा आसपासच्या गावांतून आले होते. गगोंगचे वृत्त त्यांच्या कानी गेलेले असणे शक्य नव्हते. जे वृत्त घरच्यांपर्यंतच कष्टाने पोहोचले, ते भुदरगडच्या पायथ्याशी चार दिवसांत कसे येणार? दोन्ही घटनांत कसलाही दुवा नाही, आणि ओढूनताणून जोडूही नये. पण एकाच आठवड्यात, एकाच पिढीतल्या माणसांनी किती दूरदूरच्या जागा आपल्या मानल्या होत्या, ते या दोन तारखा शेजारी ठेवल्यावर दिसते.

दुवा जोडला गेला तो नंतर, आणि तोही कोल्हापूरकडून. ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला. शांतारामबापू मूळचे कोल्हापूरचे; बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले आणि १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात उभी करणाऱ्यांपैकी एक. कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतः केली, कुओ चिंग-लान यांची जयश्रीबाईंनी. संगीत वसंत देसाईंचे. चित्रपट गाजला आणि परदेशासाठी त्याची इंग्रजी आवृत्तीही निघाली. त्याने कोटणीसांना विस्मृतीतून वाचवले, हे ऋण मोठे. पण पडद्याला रणांगण लागते, प्रेम लागते, मृत्युशय्या लागते. रात्री दिव्याजवळ बसून परक्या लिपीत पाठ्यपुस्तक लिहिणारा माणूस पडद्यावर कंटाळवाणा दिसतो. म्हणून तो तिथे फारसा नाही.

चीनने त्यांना विसरू दिले नाही. माओ त्से-तुंग यांनी स्वहस्ते शोकसंदेश लिहिला. पुढे अवशेष श-च्या-च्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत, बेथ्यून यांच्या सान्निध्यात नेण्यात आले. तिथे त्यांचा पुतळा आहे. १९८२ मध्ये चीनने त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली. भारताचे तिकीट १९९३ चे. मधल्या काळात १९६२ चे युद्ध झाले होते, आणि चीनशी मैत्रीचे प्रतीक जपणे भारतात सोपे राहिले नव्हते. चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत. २००६ मध्ये हू चिंताव आणि २०१३ मध्ये ली कछ्यांग मुंबईत भेटले. सोलापुरातील जुन्या घरी आता स्मारक आहे.

यिनहुआ वडिलांच्या वाटेने वैद्यक शिकू लागला. १९६७ मध्ये, शिक्षण पुरे होण्याच्या सुमारास, शीआन येथे तो मरण पावला. पंचविशीही पुरी झाली नव्हती. कुओ चिंग-लान दीर्घकाळ जगल्या, अनेकदा भारतात येऊन सासरच्या माणसांत राहिल्या. २०१२ मध्ये ताल्यान येथे त्यांचे निधन झाले.

गारगोटीकडे शेवटचे एकदा. कोटणीसांहून तीन वर्षांनी मोठे असलेले जयंत पांडुरंग नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. पदवीनंतर त्यांनीही रुळलेली वाट सोडली. १९३२ च्या सविनय कायदेभंगात तुरुंगात गेले, सुटल्यावर धारवाडकडच्या उप्पिनबेटगेरी या खेड्यात काम करीत राहिले. स्वातंत्र्यानंतर त्यांनी आणि डॉ. व्ही. टी. पाटील यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारले. पाटगावच्या मौनी महाराजांच्या नावाचे हे विद्यापीठ देशातील पहिल्या ग्रामीण उच्चशिक्षण संस्थांमध्ये गणले गेले. खेड्यातल्या मुलाने शिकण्यासाठी खेडे सोडावेच लागू नये, ही त्यामागची धारणा. नाईक पुढे १९६४-६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले.

आज त्याच गारगोटीतून शिकलेली मुले पुण्याला, बेंगळुरूला, दुबईला, जर्मनीला पहिल्या नोकरीसाठी जातात. बहुतेकांच्या हाती एक-दोन वर्षांचा करार असतो, आणि घरी सांगितलेले असते की मुदत संपली की परत येऊ.